ट्रायल शोधण्याआधी तुकडा सांभाळा: फुफ्फुसाच्या कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधांची ट्रायल आणि मराठवाड्यातील रुग्ण

फुफ्फुसाचा कर्करोग चौथ्या टप्प्यात असल्याचा अहवाल हाती पडला की घरात पहिला प्रश्न ‘मुंबईला न्यायचे का’ हा असतो, आणि त्यामागोमाग एखादा भाचा किंवा जावई सांगतो की, तिकडे नव्या गोळ्यांची ट्रायल चालू आहे, नाव घातले तर औषध फुकट मिळते. यातले निम्मे खरे असते. उरलेले निम्मे समजून घेऊन मगच गाडीत बसावे, एवढ्यासाठी हे टिपण, आणि ते मुख्यतः फाईल हातात घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकासाठी आहे. मराठीत टेस्ट आणि ट्रायल या दोन्हींना ‘चाचणी’ म्हणतात व त्यातून ओपीडीत पुष्कळ गोंधळ होतो. म्हणून येथे प्रयोगशाळेतल्या कामाला ‘तपासणी’ आणि नव्या उपचाराच्या अभ्यासाला ‘ट्रायल’ म्हटले आहे.

केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर हल्ला करते. लक्ष्यवेधी औषध मात्र गाठीतील पेशींच्या जनुकात झालेला एखादा विशिष्ट बदल हेरून तेवढ्यावरच नेम धरते, त्यामुळे तो बदल नसेल तर औषधाला धरण्यासारखे काही उरत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर, एएलके, आरओएस-१, बीआरएएफ, एमईटी, आरईटी, केआरएएस अशी या बदलांची नावे अहवालात दिसतात. आपल्याकडे अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकाराच्या रुग्णांपैकी साधारण चारांतील एक ते तिघांतील एक एवढ्यांत ईजीएफआरचा बदल सापडतो. तो तंबाखूला कधी न शिवलेल्या माणसांत आणि स्त्रियांत तुलनेने अधिक आढळतो, त्यामुळे ‘आईने आयुष्यात विडी ओढली नाही, तिला कसा झाला’ असा प्रश्न पडलेल्या घराने तर ही तपासणी मुळीच टाळू नये.

तपासणीवाचून गोळी सुरू करणे किती महागात पडते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या ट्रायलने दाखवले. पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांच्या त्या अभ्यासात ईजीएफआरचा बदल असलेल्यांचा आजार त्या बदलावर नेम धरणाऱ्या जेफिटिनिबच्या गोळीने केमोपेक्षा अधिक काळ आटोक्यात राहिला. ज्यांच्यात तो बदल नव्हता, त्यांचा आजार मात्र गोळीवर केमोपेक्षा लवकर बळावला. एकच गोळी एकाला तारक ठरते आणि दुसऱ्याचा मोलाचा वेळ घालवते. म्हणून आजच्या बहुतेक लक्ष्यवेधी ट्रायलचा पहिला प्रश्न ‘टप्पा कोणता’ एवढ्यावर थांबत नाही. ‘बदल कोणता’ हे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर गाठीच्या तुकड्यात असते.

माझ्या मते सर्वांत जास्त काळजी येथेच घ्यावी. आपल्या भागात कित्येक रुग्णांचे पहिले काही महिने क्षयाच्या गोळ्यांत जातात, कारण एक्स-रेवरची सावली दोन्ही आजारांत सारखी दिसू शकते. थुंकीत जंतू सापडलेले नसताना गोळ्या चालू असतील आणि खोकला, वजन व धाप यांत फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणीचा विषय आपण होऊन काढावा. ‘सुई लागली की गाठ पसरते’ ही समजूत गावोगाव आहे. तिच्यापायी तुकडा काढणे लांबवणे हाच खरा धोका आहे. काढलेला तुकडा मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर घेतले की त्या ‘स्लाईड’ होतात. अहवालाचा कागद मिळाला म्हणून समाधान मानू नये. ब्लॉक आणि स्लाईड रीतसर अर्ज करून, पोच घेऊन ताब्यात घ्याव्यात, आणि उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या काचेजवळ ठेवू नये, कारण तो शेवटी मेणाचाच असतो. माझ्या चुलत्यांच्या वेळी आम्ही नुसते अहवाल घेऊन मुंबई गाठली आणि ब्लॉकसाठी मला त्याच रात्री परत फिरावे लागले. प्रयोगशाळेने तो शोधून द्यायला नऊ दिवस लावले.

तुकडा काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगून ठेवावे की जनुकांची तपासणीही करायची आहे, म्हणजे पुरेसा ऊतक घेतला जाईल. एकेक बदल वेगवेगळा तपासत बसल्यास छोटा तुकडा संपून जातो. एनजीएस या पद्धतीत अनेक बदल एकदम पाहता येतात, ती परवडत असेल किंवा ट्रायलकडून होत असेल तर बरी. तुकडा अपुरा पडल्यास रक्तावरूनही तपासणी होते, परंतु रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो गाठीत नाहीच, असे समजू नये.

अहवाल येईपर्यंत उपचार थांबवावेत का, हा अवघड प्रश्न आहे. पहिल्या फळीच्या अनेक ट्रायलमध्ये आधी कोणताही उपचार न घेतलेलेच रुग्ण घेतात, त्यामुळे केमोची पहिली बाटली लागण्याआधी ‘यांना ट्रायलमध्ये बसवता येईल का’ हे विचारणे योग्य आहे. पण रुग्णाला धाप लागत असेल, छातीत पाणी भरत असेल, तर ट्रायलच्या आशेवर त्याला ताटकळत ठेवू नये.

ट्रायल कोठे चालू आहे हे शोधण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने २००७ साली सुरू केलेली ‘सीटीआरआय’ ही नोंदवही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते, आणि १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंद तेथे करणे बंधनकारक आहे. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, म्हणून गावातल्या एखाद्या फार्मसीच्या किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शेजारी बसवावे. नोंदीत चार गोष्टी पाहाव्यात: भरती अजून चालू आहे का, केंद्रे कोणत्या शहरांत आहेत, कोणाला घेतात व कोणाला घेत नाहीत, आणि नव्या औषधाच्या बाबतीत औषध महानियंत्रकांची मंजुरी दाखवली आहे का. नोंद आहे म्हणजे सरकारने औषध चांगले असल्याची ग्वाही दिली, असा अर्थ मात्र होत नाही. याखेरीज छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आधी दाखवून तेथून पत्र घ्यावे. परळ किंवा खारघर येथील टाटाच्या केंद्रात जायचेच असेल, तर ट्रायलच्या समन्वयकाशी फोनवर बोलून मगच निघावे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ असते व सोबतच्या एका माणसाला त्या वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठीचे प्रमाणपत्र रुग्णालयातून ठरावीक नमुन्यात घ्यावे लागते. देवगिरी किंवा नंदिग्रामच्या आरक्षणाआधी ते हाताशी असावे.

केंद्रावर पोचल्यावर लगेच औषध मिळत नाही. आधी छाननी होते: मेंदूचा एमआरआय, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, हृदयाचा आलेख, आणि रुग्ण स्वतःची कामे किती करू शकतो याचा ‘ईकॉग’ नावाचा शून्यापासून सुरू होणारा गुणांक, जो जितका कमी तितका रुग्ण धडधाकट. शून्य किंवा एक गुणांकाच्या रुग्णाला प्रवेश सोपा जातो. नापास ठरलेला रुग्ण उपचारास नालायक ठरत नाही. त्या अभ्यासाच्या चौकटीत तो बसला नाही, एवढेच.

संमतीपत्रावर सही करण्याची घाई कोणी करत असेल तर तेथेच थांबावे. ‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ यांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे, रुग्ण निरक्षर असेल तर निष्पक्ष साक्षीदार हजर असला पाहिजे, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर विनामूल्य उपचार व नियमांप्रमाणे नुकसानभरपाई मिळते. मूळ आजार बळावल्याने झालेली हानी या भरपाईत येत नाही, हेही स्पष्ट विचारून घ्यावे. मराठी प्रत घरी नेऊन रात्री मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारावेत. मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा: चिठ्ठीत नवे औषध आले नाही, तर मला जे मिळणार ते संभाजीनगरलाच मिळते का? चिठ्ठी म्हणजे असे, की नवे औषध कोणाला आणि नेहमीचा उपचार कोणाला, अशा गटांत संगणकच रुग्णांना वाटतो, त्यात डॉक्टरांचा किंवा आमदारांच्या पत्राचा काही उपयोग नसतो. दुसरा प्रश्न, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोण देणार, आणि ते संमतीपत्रात लिहिले आहे का.

नव्या उपचाराचा फायदा नेहमी किमतीसह वाचावा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने ईजीएफआरचा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेल्या ट्रायलमध्ये नुसत्या जेफिटिनिबने आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, तर जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधे दिल्यावर १६ महिने. परंतु गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. हे आकडे वाचून दोन घरे दोन वेगळे निर्णय घेतील आणि दोन्ही बरोबर असू शकतील.

पुढे खरी कसोटी तारखांची असते. दर तीन-चार आठवड्यांनी तपासणी, सहा ते आठ आठवड्यांनी स्कॅन, आणि ठरलेल्या तारखेच्या मागेपुढे फार तर दोन-चार दिवसांची सूट. सोयाबीनची काढणी किंवा ऊसतोडीची उचल ट्रायलच्या वेळापत्रकाला ठाऊक नसते. बीडकडचे कुटुंब सहा महिने कारखान्यावर जाणार असेल, तर रुग्णासोबत कोण राहणार हे सहीआधीच ठरवावे. गोळ्या रोज ठरल्या वेळी घ्याव्यात, डायरीत नोंद करावी, रिकाम्या स्ट्रिप फेकू नयेत, कारण त्या मोजल्या जातात. अंगावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा सुजणे हे ईजीएफआरच्या गोळ्यांचे नेहमीचे त्रास आहेत व त्यांवर उपाय असतात. धाप किंवा कोरडा खोकला अचानक वाढला, तर मात्र त्याच दिवशी फोन करावा, कारण क्वचित औषधामुळेच फुफ्फुसाला सूज येते. पित्ताच्या गोळीने काही लक्ष्यवेधी औषधे नीट शोषली जात नाहीत. काढा, भस्म किंवा जडीबुटी चालू असेल तर ती लपवू नये. डॉक्टर रागावतील तेवढे रागावू द्यावेत.

ट्रायलमधून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढचा नेहमीचा उपचार नाकारता येत नाही. औषध लागू पडत असताना ट्रायल संपली तर ते पुढे मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारावे. नियमांत तशी तरतूद आहे, पण तिला पर्यायी औषध नसणे, डॉक्टरांची शिफारस आणि नैतिकता समितीची मान्यता अशा अटी आहेत. नोंदणीनंतर मिळणारे ट्रायलचे कार्ड, ज्यावर औषधाचे नाव आणि चोवीस तासांचा फोन क्रमांक असतो, ते फाईलमध्ये न ठेवता रुग्णाच्या खिशात किंवा बटव्यात ठेवावे, म्हणजे रात्री दोन वाजता अंबाजोगाईला किंवा नांदेडला कॅज्युअल्टीत न्यावे लागले, तर तेथील डॉक्टरांना रुग्ण कशावर आहे हे विचारत बसावे लागणार नाही.