कॅपाडोशियात बलून पहिल्याच सकाळी

तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाला जाताय? बलूनची फेरी मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, पहिल्याच सकाळची घ्या. वारा जोरात असला की त्या दिवशीची उड्डाणं सरळ रद्द होतात, हिवाळ्यात तर वरचेवर. पुढचे एक-दोन दिवस हाताशी असले, तर पुन्हा संधी मिळते. पहाटे गारठा असतो. उन्हाळ्यातही जॅकेट हवंच.

गोरेमेच्या खुल्या संग्रहालयात ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात कोरलेली चर्च आहेत. त्यातल्या ‘अंधाऱ्या चर्च’चं तिकीट वेगळं पडतं, पण ते काढाच: आत उजेड जेमतेम पोचत असल्याने भित्तिचित्रांचे रंग टिकलेत. डेरिंकुयूच्या भुयारी शहरातले बोळ मात्र इतके अरुंद, की बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी वरच चहा घेत बसावं.