वजन उतरवणारा कोरियन काढा: या चुका टाळा

कोरियात वजन उतरवण्यासाठी जे काढे दिले जातात, त्यातल्या बऱ्याच काढ्यांत खरं काम करते माह्वांग, म्हणजे इफेड्रा ही वनस्पती. तिच्यातल्या एफेड्रिन या द्रव्याने भूक मरते, पण नाडी आणि रक्तदाबही वाढतो. "झाडपाल्याचं औषध, त्याने काय होणार?" असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. अमेरिकेने एफेड्रिन असलेल्या आहारपूरक गोळ्यांवर २००४ मध्ये बंदी घातली. खुद्द कोरियातही माह्वांग खाद्यपदार्थांत चालत नाही. हानुइसाने, म्हणजे तिथल्या वैद्याने, तपासून ती द्यायची असते.

घटकांची यादी फसवते. तेउमजोवितांग हा प्रसिद्ध काढा घ्या. कोरियन वैद्य ली जे-मा यांच्या प्रकृतीविचारातून, १८९४ च्या सुमारास आलेला. त्यात वाळवलेलं चेस्टनट, मुळ्याचं बी असं स्वयंपाकघरातलं वाटणारं सामान आहे, आणि त्याच यादीत माह्वांगही. म्हणून काढ्याचं पाकीट फोडण्याआधी विचारा: यात माह्वांग आहे का, किती?

रक्तदाब, हृदयविकार, वाढलेला थायरॉइड, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास असेल किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर अजिबात नको. मैत्रिणीची उरलेली पाकिटं वापरणं त्यामुळेच धोक्याचं.

झोप उडाली? रात्रीच्या जेवणाआधी डोस घेताय का आणि दिवसभर कॉफी चालू आहे का, ते बघा. कॉफी बंद करा आणि वेळ बदलून मागा. छाती धडधडते, दुखते किंवा चक्कर येते, तर काढा तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. "अंगाला सवय होईल" असं कुणी म्हटलं, तरी ऐकू नका.

पहिल्याच आठवड्यात काटा खाली आला म्हणून खूश होऊ नका. बांगपुंगतोंगसंगसानसारख्या औषधात रेवाचिनीच्या जातीचं रेचक असतं. जुलाबांनी पाणी जातं, चरबी नाही. काटा अडला की दोन पाकिटं एकदम घेणारेही असतात. तसं करू नका.

काढा थांबला की भूक परत येते. भुकेचा विसर पडलेल्या दिवसांत नुसत्या काकडीवर राहिलात, तर स्नायू झिजतात आणि वजन पुन्हा चढतं. अंडी, डाळ, टोफू, मासे ताटात ठेवा.

आणि सोलहून पाकिटं भारतात आणायचा विचार असेल, तर आधी चौकशी करा. एफेड्रिन इथे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित आहे.