एक्स्पोर्ट केल्यावर सूर उतरत होता

घरी पेटीवर अभंग रेकॉर्ड केला. सॉफ्टवेअरमध्ये ऐकताना चोख. एक्स्पोर्ट केलेली फाइल मोबाइलवर लावली, तर काळी एकचा सा पांढरी एकच्याही खाली! लयही मंदावलेली.

एमपी३चं बिटरेट वाढवून फरक पडला नाही. तो पडणारही नव्हता, कारण बिटरेटने आवाजाचा दर्जा बदलतो, सूर नाही. सूर आणि लय एकत्र बदलले की आधी सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, पाहावा. ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) ४८,००० हर्ट्झवर चालत होता, सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट ४४,१०० वर. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात होते, पण फाइलवर शिक्का ४४,१०० चा. म्हणून सूर जवळजवळ दीड पट्टी (दीड अर्धस्वर) उतरला आणि ५ मिनिटांचा अभंग साधारण ५ मिनिटं २७ सेकंदांचा झाला.

पुन्हा गावं लागलं नाही, याचा फार आनंद झाला; तो टेक खरंच सुंदर जमला होता. ट्रॅकचा रेट नुसता ४८,००० असा बदलला. इथे ‘रीसॅम्पल’ (नव्या रेटसाठी नमुने पुन्हा तयार करणं) करू नका, त्याने उतरलेला सूर तसाच राहतो. मग प्रोजेक्टही ४८,००० वर नेऊन आधी वेव्ह फाइल काढली, पेटीशी सा जुळवून पाहिला आणि त्यावरून एमपी३ केली.