दारू सोडायचा ग्रुप शोधताना आधी घड्याळ बघा

ग्रुपच्या आधीची एक गोष्ट. रोज भरपूर पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील आणि घोटभर पोटात गेल्याशिवाय थांबत नसतील तर झटक्यात बंद करून थेट मीटिंगला जाऊन बसू नका, आधी डॉक्टर गाठा. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत घाम, थरथर, मळमळ सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि ४८ ते ७२ तासांच्या आसपास काहींना भास होतात, भान सुटतं, त्यात जीवही जाऊ शकतो. ग्रुपमधली माणसं कितीही चांगली असली तरी यावर त्यांच्याकडे औषध नाही.

आता शोधायचं कसं. सगळ्यात पसरलेलं नाव म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळे त्याला ‘एए’ म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून बोलून न पिता राहायला लागले तिथून हे सुरू झालं. फी नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. खर्चासाठी पैसे गोळा करतात पण नाही टाकले तरी कोणी बघत नाही. देव, उच्च शक्ती हे शब्द कानावर पडतील, ते अजिबातच झेपत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी बघा, १९९४ पासून आहे, तिथे विचार आणि सवयी बदलायच्या पद्धतींवर भर असतो, देवाचा विषय नाही. फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे, १९७५ ची. आणि पिणारा तुम्ही नसून घरातला कोणी असेल तर तुमच्यासाठी अल-अनॉन, तो वेगळा ग्रुप आहे.

नेटवर नुसतं ‘दारू कशी सोडावी’ टाकलंत तर आधी पैसे घेणाऱ्या सेंटरच्या जाहिराती येतात, त्यापेक्षा संस्थेचं नाव टाकून तिच्याच साइटवर मीटिंगची यादी शोधा. एएचं मीटिंग गाइड नावाचं फुकट अ‍ॅप पण आहे. हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं तरी सांगतात, त्यासाठी तिथे अ‍ॅडमिट व्हायला लागत नाही. पण यादीवर डोळे झाकून विश्वास नको, जागा बदलतात, वेळा बदलतात, म्हणून निघायच्या आधी फोन करा. बऱ्याचदा फोन उचलणारा स्वतःच सोडलेला असतो, त्यामुळे लाजायचं काही नाही. विचारायचं काय, तर मीटिंग खुली की बंद (बंद म्हणजे फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी, खुलीला घरचे पण चालतात), भाषा कोणती, आणि नेमकं दार कुठलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण शाळेचा वर्ग नाहीतर कुठलातरी हॉल असतो आणि बाहेर मोठा बोर्ड असेलच असं नाही.

आणि आता घड्याळ. मी सुरुवातीला रविवार सकाळची मीटिंग धरली, घराजवळ होती, सोयीची होती, सहा आठवडे गेलो आणि तरी पीतच होतो. कारण सरळ आहे, रविवारी सकाळी मी तसाही पीत नव्हतो! माझी वेळ संध्याकाळी सातची, ऑफिस सुटलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. मग सातची मीटिंग शोधली, दोन बस बदलून जावं लागायचं, पोचून परत घरी येईपर्यंत साडेनऊ वाजायचे आणि प्यायची वेळ टळलेली असायची. म्हणून माझं मत, जवळचा ग्रुप म्हणजे अंतराने जवळचा नाही, तुमच्या पिण्याच्या वेळेच्या जवळचा. त्या वेळेला आसपास काहीच नसेल तर ऑनलाइन मीटिंग चोवीस तास कुठे ना कुठे चालू असते, ती लावा.

पहिल्या दिवशी फक्त पहिलं नाव सांगितलं तरी पुरतं. ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, कोणी जबरदस्ती करत नाही. तास-दीड तासाचं काम. निघताना दोघातिघांचे नंबर घ्या, स्पॉन्सर (म्हणजे आधी सोडलेला, तुम्हाला हाताशी धरून साथ देणारा मेंबर) मात्र पहिल्याच दिवशी ठरवू नका, चार-पाच मीटिंगा माणसं बघा. एक ग्रुप रटाळ निघाला म्हणून सगळं सोडू नका, प्रत्येक ग्रुपची हवा वेगळी असते. पण कोणी उसने पैसे मागितले, नव्या बाईच्या मागे लागलं, किंवा डॉक्टरची औषधं बंद कर म्हणालं तर सरळ दुसरा ग्रुप बघा. औषधांच्या बाबतीत तर एएचं स्वतःचंच सांगणं आहे की मेंबरांनी डॉक्टर बनू नये.

जमलं तर आदल्या दिवशी जाऊन जागा बघून या. मी न बघता गेलो आणि बिल्डिंगला तीन चकरा मारल्या, निम्म्या दार सापडत नव्हतं म्हणून आणि निम्म्या भीतीने. शेवटी बाहेर सिगरेट ओढत उभा असलेला एक जण म्हणाला, ‘मीटिंगला ना? जिना मागच्या बाजूला आहे.’ मी नाही म्हणालो, आणि त्याच्या मागोमाग वर गेलो.