डोमेनचा धंदा, स्त्रीवादी हिशेबाने

मी डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातल्या नावांची, खरेदी-विक्री करते, शिवाय माझ्या काही साइट जाहिरातींवर चालतात. स्त्रीवाद आणि पैसा यांचं वाकडं असल्याचं मला कधी वाटलं नाही. बाईच्या हातात स्वतःचा पैसा असावा, हीच तर जुनी मागणी!

सोप्यापासून सुरुवात करा. साइटवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्स सेवेत ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’मध्ये जाऊन वजन घटवणं, कॉस्मेटिक शस्त्रक्रिया, झटपट श्रीमंती हे वर्ग बंद करा. उत्पन्न थोडं घटलं तर घटू दे.

खरी कसोटी मुदत संपलेल्या नावांची. रजिस्ट्रारने, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीने, डॉट कॉम नाव रद्द केल्यावर जुन्या मालकाला ते सोडवायला ३० दिवस मिळतात, पुढे ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. घेण्याआधी वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्याची जुनी पानं बघा. तिथे छळ सोसणाऱ्या बायकांसाठी मदतकेंद्र होतं असं दिसलं, तर त्या पत्त्याच्या लिंका अजूनही कुठे कुठे पडलेल्या असणार. घाबरलेली बाई तिथून जुगाराच्या पानावर पोचता कामा नये. असं नाव मी घेतलंच, तर संस्थेला खरेदीच्याच किमतीत देऊ करते. संस्था बंद पडली असेल तर तिथे चालू हेल्पलाइनचा पत्ता लावते.

एखादीचं पूर्ण नाव डोमेन म्हणून अडवून तिच्याकडूनच पैसे मागणं म्हणजे सरळ खंडणी. ट्रेडमार्कवाल्यांना १९९९ पासून यूडीआरपीचा, म्हणजे डोमेनचे वाद सोडवायच्या नियमांचा, आधार आहे; ट्रेडमार्क नसलेल्या बाईला तो सहसा मिळत नाही.

आणि लेख लिहून घेता ना? मग लेखिकेचे पैसे आधी द्या, खाली तिचं नावही छापा.