दोन नंबरची ओढ: ब्लूज माउथ ऑर्गन शिकताना

सुटे स्वर स्वच्छ निघतात, चार-पाच धुना बसल्या आहेत, आणि तरी आपण वाजवतो ते ब्लूजसारखं वाटत नाही. या जागी मी जवळपास वर्षभर अडकलो होतो. तुम्हीही तिथेच असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. हातात सी स्केलचा, दहा छिद्रांचा डायटॉनिक, म्हणजे एकाच स्केलच्या स्वरांचा, माउथ ऑर्गन आहे असं धरून सांगतो. ट्रेमोलो, म्हणजे प्रत्येक स्वराला दोन रीड असलेला थरथरत्या आवाजाचा, असेल तर तो धुनांसाठी ठेवा. त्यात प्रत्येक रीडचा (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीचा) कप्पा वेगळा असतो, म्हणून ब्लूजची मींड त्यावर निघत नाही.

सगळ्यात आधी सा हलवा. सी हार्पवर (ब्लूजमध्ये माउथ ऑर्गनला हार्प म्हणतात) ब्लूज वाजवायचा तो जी स्वराला सा धरून. हा जी म्हणजे २ नंबरची ओढ, म्हणजे श्वास आत घेऊन वाजणारा स्वर. २, ३, ४, ५ ओळीने ओढून पाहा: जी, बी, डी, एफ. सा, ग, प आणि कोमल नी. ब्लूजचा सेव्हन्थ कॉर्ड, म्हणजे हे चार स्वर एकत्र, आयता मिळाला. याला क्रॉस हार्प किंवा सेकंड पोझिशन म्हणतात. खालच्या सहा छिद्रांत ओढीचेच स्वर वाकतात, त्यामुळे मुख्य स्वर ओढीत आले की मींडही हाताशी येते.

आता मींड, म्हणजे बेंड. यावर घाई करू नका. एका छिद्रात दोन रीड असतात, एक फुंकेची आणि एक ओढीची. ओढीचा स्वर खाली वाकवताना दोन्ही रीड मिळून बोलतात, आणि स्वर फुंकेच्या स्वराच्या अर्धा स्वर वरपर्यंत उतरू शकतो. म्हणून ४ मध्ये (डी आणि सी) मधला एकच स्वर मिळतो. २ मध्ये (जी आणि ई) दोन, ३ मध्ये (बी आणि जी) तीन. ५ मध्ये एफ आणि ई शेजारीशेजारी आहेत, तिथे पूर्ण अर्ध्या स्वराला जागाच नाही. तिथे स्वर थोडासा कलतो, तेवढा पुरे.

सुरुवात ४ पासून करा. हळू श्वास घेत तोंडाच्या आत ‘ई’चा आकार ठेवा आणि तो ‘ऊ’कडे न्या. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग जिथे चढतो, तिथे हवेची वाट अरुंद होते आणि स्वर खाली सरकतो. ओठ ढिले, नाकातून हवा बंद. जोर लावायचा नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार उशिरा कळलं. माझी २ नंबरची ओढ कित्येक महिने घुसमटलेली, घोगरी यायची. वाद्यात दोष आहे असं समजून मी दुसरं आणलं, तर तेही तसंच वाजलं. दोष माझ्या ओढण्यात होता. उपाय साधा निघाला: १-२-३ एकत्र, अगदी हलके, आठ मात्रा ओढायचे. तो भरलेला आवाज कानात ठेवायचा आणि घसा, जीभ, श्वास काहीही न बदलता फक्त ओठांनी २ वर यायचं. निघालेला स्वर ३ च्या फुंकेशी ताडून पाहा. दोन्ही जीच आहेत, तंतोतंत जुळले पाहिजेत. ओढ उतरलेली वाटली, तर तुम्ही नकळत बेंड करत आहात. हे जुळेपर्यंत २ च्या बेंडला हात लावू नका. जुळलं की दोन पायऱ्या उतरा: एफ शार्प, मग एफ. हा एफ ५ च्या ओढीच्या बरोबर एक सप्तक खाली असतो. तपासायला तीच ओढ वापरा.

३ ची ओढ सगळ्यात अवघड आणि माझी सगळ्यात लाडकी. ब्लूजचा गंधार तिथेच आहे, शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध कुठेतरी. ट्यूनर त्याला बेसूर म्हणेल. आधी ट्यूनर लावून कोमल ग (बी फ्लॅट) पक्का करा, मग ट्यूनर बंद करून तिथून किंचित वर या आणि थांबा. ती जागा कानानेच सापडते.

ही सहा स्वरांची ओळ पाठ करा: २ ओढ, ३ ओढ अर्धा स्वर वाकवून, ४ फुंक, ४ ओढ वाकवून, ४ ओढ, ५ ओढ. वरचा सा ६ च्या फुंकेत.

क्रॉस हार्पमध्ये ओढी जास्त, त्यामुळे दम लागत नाही, उलट छाती भरून जाते. सुरुवातच अर्ध्या रिकाम्या छातीने करा आणि फुंकेचा प्रत्येक स्वर हवा सोडायची संधी समजा.

ब्लूजचं गाणं बारा बारच्या चक्रात फिरतं. बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. कॉर्ड असे बदलतात: चार बार जी, दोन सी, दोन जी, मग एकेक डी आणि सी, शेवटी दोन जी. प्रत्येक बारच्या चार मात्रा पायाने धरा. शफलसाठी, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या ठेक्यासाठी, मात्रेचे तीन भाग करून मधला गाळा. सीच्या बारमध्ये १-२-३-४ ची फुंक चालते, डीच्या बारमध्ये १ किंवा ४ ची ओढ.

ऐकायला लिटल वॉल्टर या अमेरिकन ब्लूज माउथ ऑर्गन वादकापासून सुरुवात करा. त्याचं १९५२ चं ‘ज्यूक’ निम्म्या वेगाने लावा. सी हार्प घेऊन त्याच्याबरोबर वाजवायला जाल तर जुळणार नाही, कारण ते ए हार्पवर, ई स्केलमध्ये आहे. एकदम सगळं उतरवू नका. पहिले चार बार घ्या आणि तो कुठे गप्प राहतो तेही मोजा.

टंग ब्लॉकिंग (जिभेने काही छिद्रं झाकून वाजवणं) आणि हातांचा वा-वा (हात उघडझाप करून आवाज बदलणं) सध्या राहू द्या. आज फक्त २ ची ओढ आणि पायाचा ठेका घेऊन पूर्ण बारा बार काढा, कॉर्ड बदलला तरी स्वर तोच.