मालवाहू विमानात रसायन गळालं तर

गळती दिसली की हात आपोआप चिंधीकडे जातो. पण आधी नोटॉक काढा, म्हणजे कप्तानाला दिलेली घातक मालाची यादी. त्यात यूएन क्रमांक (पदार्थाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), धोक्याचा वर्ग, नग, प्रमाण आणि माल कुठे चढवलाय ते असतं. ड्रिल कोड म्हणजे आणीबाणीत काय करायचं ते सांगणारा संकेत. त्याचा आकडा मुख्य धोका सांगतो, अक्षरं जोडीचा: 8 म्हणजे दाहक, एफ ज्वलनशील, एक्स ऑक्सिडायझर, म्हणजे आग भडकवणारा. डब्ल्यू असेल तर पाणी लागताच विषारी किंवा पेटणारा वायू निघतो, त्यामुळे पाणी अजिबात वापरायचं नाही.

कागद आणि डोळे जुळले नाहीत तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. मार्च 2000 मध्ये बीजिंगहून चेन्नईला निघालेला माल क्वालालंपूरला गळला. कागदावर घन पावडर होती, डब्यांत ऑक्झॅलिल क्लोराइड हा दाहक, विषारी द्रव निघाला. ते प्रवासी विमान होतं, एअरबस ए330. कामगार आजारी पडले आणि विमान भंगारात गेलं.

हवेत असताना वास किंवा धूर आला तर आधी मास्क आणि 100 टक्के ऑक्सिजन, मग विमानाची चेकलिस्ट. नुसती गळती असेल तर हवा जास्तीत जास्त खेळती ठेवायची. मुख्य डेकवर आग असेल तर उलट, तिथली हवा तोडायची. म्हणून नक्की काय झालंय ते आधी ठरवा. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण) यूएन क्रमांक, प्रमाण आणि जागा कळवा. नुसतं ‘डेंजरस गुड्स आहेत’ ऐकून अग्निशमन दलाला काही करता येत नाही. उतरल्यावर सगळी माणसं बाहेर येईपर्यंत कार्गोचं दार उघडू नका.

आम्लाची गळती असेल तर वारा पाठीशी घेऊन जवळ जा. निओप्रिनचे हातमोजे, गॉगल, एप्रन आणि त्या रसायनाला चालणारं कार्ट्रिज (हवा गाळणारी डबी) असलेला मास्क घाला. लॅटेक्सचे पातळ मोजे इथे कुचकामी. डाग काठाकडून मधे, व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं खनिज) टाकून घेरा. मग खाण्याचा सोडा थोडा थोडा टाका, कारण फेस येतो, उष्णता निघते आणि कार्बन डायऑक्साइडही. दार उघडंच ठेवा. निळा लिटमस निळाच राहिला की गोळा करा.

भुसा, कागद, सुती कापड मात्र नको. नायट्रिक आम्ल ते पेटवू शकतं. 3 नोव्हेंबर 1973 रोजी पॅन ॲमचं बोइंग 707 मालवाहू विमान बोस्टनला उतरता उतरता कोसळलं. कॉकपिट धुराने भरलं होतं, तिघेही वैमानिक दलातले गेले. तपासणाऱ्यांच्या मते धुराचं मूळ बहुधा भुशात बांधलेलं नायट्रिक आम्ल होतं.

डेक कोरडा दिसला म्हणून सुटलो असं नाही. द्रव माल सरकवायचे रोलर आणि सीट ट्रॅक (जमिनीतल्या खाचा) यांमधून खाली बिल्जमध्ये, म्हणजे विमानाच्या तळाशी जातो, इन्सुलेशनच्या गाद्या तो शोषून धरतात. पॅनेल काढून पाहावंच लागतं. पारा असेल तर अधिकच: ॲल्युमिनियमशी मिसळून तो धातू पोखरतो. व्हॅक्यूम क्लिनरने ओढू नका, वाफ हवेत उडते. किरणोत्सर्गी पेटीला तर हातच लावू नका, ते काम तज्ज्ञांचं.

गळका नग सरळ उभा करून वेगळा ठेवा, शेजारच्या पॅलेटचा मालही तपासा. विमानाच्या तांत्रिक लॉगमध्ये नोंद करा, इंजिनिअरने तपासून सही केल्याशिवाय विमान सोडू नका. भारतात घटना डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाला कळवायची असते. त्यासाठी फोटो, लेबलं आणि कागद फेकू नका.